जड वस्तू उचलू नयेत

गेल्या वर्षी आमच्या विभागाने सुबोध लेखनासाठी दिल्या जाणाऱ्या पुरस्कारांच्या एका स्पर्धेत प्रवेशिका पाठवली. मी एका रुग्णालयात रुग्णांसाठीची पत्रके, संमतिपत्रे आणि सूचनाफलक लिहिण्याचे काम करते. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्या रुग्णाला डिस्चार्ज कार्डासोबत जे दोन पानी सूचनापत्रक दिले जाते, ते आम्ही नुकतेच नव्याने लिहून काढले होते आणि ते चांगले उतरले आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. अर्ज भरायला अर्धा दिवस पुरेल, असे मी विभागप्रमुख मॅडमना सांगून बसले होते. प्रत्यक्षात त्याला सात आठवडे लागले आणि त्या सात आठवड्यांत अर्जापेक्षा पत्रकच अधिक बदलले.

अशा स्पर्धा असतात, हेच अनेकांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये १९७९ साली क्रिसी माहेर यांनी लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमध्ये दुर्बोध सरकारी अर्जांचे जाहीरपणे तुकडे केले आणि तिथून ‘प्लेन इंग्लिश कॅम्पेन’ सुरू झाली. या बाईंना स्वतःला किशोरवयापर्यंत वाचता येत नव्हते, ही गोष्ट मला त्या साऱ्या चळवळीच्या मुळाशी असल्यासारखी वाटते. ही संस्था चांगल्या लेखनाचा गौरव करते आणि वाईट लेखनाला ‘गोल्डन बुल’ देऊन त्याची जाहीर थट्टाही करते. अमेरिकेत ‘सेंटर फॉर प्लेन लँग्वेज’ या संस्थेचे ‘क्लिअरमार्क’ पुरस्कार आहेत. न्यूझीलंडमध्ये २००६ पासून असे पुरस्कार दिले जात असून त्यांत एका वाक्याच्या कायापालटासाठीही वेगळा विभाग ठेवलेला आहे. एका वाक्याला बक्षीस देण्याची ही कल्पना मला फार आवडते, कारण आमच्या कामात दिवसचा दिवस एका वाक्यावर जातो आणि तो कोणाच्या हिशेबात धरला जात नाही. आम्ही ज्या स्पर्धेत उतरलो ती यांपैकी नव्हे, तुलनेने लहान होती. तिचे नाव येथे देण्याचे कारण नाही.

अर्जात जुना मसुदा आणि नवा मसुदा शेजारी शेजारी जोडायचा होता. त्यापुढे प्रश्न होते. वाचक कोण? पत्रक वाचून झाल्यावर त्याने काय करणे अपेक्षित आहे? कोणते बदल केले आणि का केले? इथपर्यंत माझा हात भराभर चालला. शेवटचा प्रश्न असा होता: हा मजकूर प्रत्यक्ष वाचकांकडून तपासून घेतला का, कसा, आणि त्या तपासणीतून मजकुरात काय बदलले? मी लिहिले, “विभागातील सहकाऱ्यांनी व दोन परिचारिकांनी मसुदा वाचून अनुकूल अभिप्राय दिला.” मॅडमनी अर्ज वाचला, त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि एवढेच विचारले, “यांतल्या कोणाला हर्निया झाला होता?”

सुबोध भाषेचे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याचा क्रमांक आयएसओ २४४९५-१. त्यातील व्याख्येचा आशय असा आहे की मजकुराचे शब्द, रचना आणि मांडणी इतकी स्पष्ट असावी की ज्याच्यासाठी तो लिहिला आहे त्याला हवे ते सहज सापडावे, सापडलेले समजावे आणि समजलेले वापरता यावे. मी ही व्याख्या कितीतरी वेळा प्रशिक्षणात इतरांना ऐकवलेली आहे. तिच्यातील तिन्ही क्रियापदांचा कर्ता वाचक आहे, आणि माझ्या अर्जातील सगळ्या क्रियापदांचा कर्ता आमचा विभाग होता, हे त्या पेन्सिलीच्या टोकाखाली पहिल्यांदा नीट दिसले.

मग आम्ही वाचक शोधायला निघालो. रुग्णालयाची रीतसर परवानगी घेऊन, तपासणीसाठी आलेल्या आठ जणांना त्यांच्या संमतीने पत्रक वाचायला दिले. त्यांत शस्त्रक्रिया झालेले होते, व्हायची असलेले होते आणि दोघे सोबत आलेले नातेवाईक होते. “समजले का?” हा प्रश्न विचारायचा नाही, हे आधीच ठरवले होते. रुग्णालयाचे ओळखपत्र गळ्यात घातलेल्या माणसाने हा प्रश्न विचारला की समोरचा “हो” म्हणतो. न समजल्याचे कबूल करणे म्हणजे आपल्यातच काही कमी असल्याचे कबूल करणे, असे लोकांना वाटते. त्याऐवजी विचारायचे ते असे, की आता घरी गेल्यावर तुम्ही काय कराल, ते मला सांगा. वॉर्डात चांगल्या सिस्टर हेच करतात, त्याला आम्ही कधी पद्धत म्हणून नाव दिले नव्हते एवढेच.

हा फरक किती मोठा असतो, याचे एक उदाहरण मी नेहमी जवळ ठेवते. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३९५ रुग्णांना औषधांच्या बाटल्यांवरील सूचना दाखवल्या होत्या. “दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडाने घ्या” ही सूचना, वाचनाची क्षमता कमी असलेल्या गटातील सुमारे ७१ टक्के लोकांनी बरोबर सांगितली. दिवसभरात किती गोळ्या घ्यायच्या त्या मोजून दाखवा, असे म्हटल्यावर मात्र बरोबर मोजणारे त्याच गटात जेमतेम ३५ टक्के निघाले. वाक्यात एकही अवघड शब्द नाही. अडचण आहे ती वाचकाला मनातल्या मनात करावा लागणाऱ्या गुणाकाराची.

आमच्या पत्रकातील सातवी सूचना होती, “जड वस्तू उचलू नयेत.” जुन्या मसुद्यात ती “अवजड वस्तूंची उचल करणे कटाक्षाने टाळण्यात यावे” अशी होती, तेव्हा माझ्या मते मी मोठीच मजल मारली होती, अर्जात या बदलाचा अभिमानाने उल्लेखही केला होता. तिसऱ्या दिवशी एक आजी भेटल्या. त्यांनी चष्मा लावून पत्रकातील सगळ्या सूचना मोठ्याने, अगदी स्वच्छ वाचल्या. मी विचारले, “आजी, घरी गेल्यावर काय काय करायचे नाही?” त्या म्हणाल्या, “जड वस्तू उचलायच्या नाहीत.” “म्हणजे कोणत्या?” “पाण्याची भरलेली बादली, सामानाची पिशवी, पलंग सरकवायचा नाही.” मी समाधानाने खूण करणार, तेवढ्यात त्याच ओघात त्या बोलून गेल्या की नातू मात्र दिवसभर त्यांच्याच कडेवर असतो, सून कामावरून परत येईपर्यंत. नातू दोन वर्षांचा. मी विचारले, “मग त्याला उचलणार तुम्ही?” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. “अगं बाई, नातू काय वस्तू आहे का?”

त्यांचे वाचन अचूक होते. मराठीत मुलाला वस्तू म्हणत नाहीत, आणि चूक असेल तर ती मी निवडलेल्या शब्दाची होती. पण शब्द बदलायला बसले तेव्हा कळले की प्रश्न ‘वस्तू’पेक्षा ‘जड’चा अधिक आहे. जड म्हणजे किती? मी तिन्ही सर्जनना वेगवेगळे भेटले. एक म्हणाले, पाच किलोच्या वर काही नको आणि तेही सहा आठवडे. दुसऱ्यांच्या मते दहा किलोपर्यंत चालेल, चार आठवडे पुष्कळ झाले. तिसरे सर म्हणाले, दुखले नाही तर उचलू द्या, उगाच घाबरवू नका. तिघेही अनुभवी, तिघांचेही रुग्ण बरे होऊन घरी जातात आणि तिघेही इतकी वर्षे एकाच पत्रकावर निर्धास्तपणे सही करत आले होते, कारण ‘जड’ या एका शब्दाच्या छपराखाली तिघांचीही मते सुखाने नांदत होती.

या प्रसंगानंतर माझी कामाची रीत बदलली. एखादे वाक्य संदिग्ध असले की ते भाषेच्या अज्ञानातून आले आहे असे आम्ही लेखक मंडळी गृहीत धरतो आणि शब्दकोश उघडून दुरुस्तीला बसतो. पुष्कळदा ते वाक्य संदिग्ध असते, कारण त्यामागचा निर्णयच कोणी घेतलेला नसतो. “आवश्यकतेनुसार”, “योग्य ती काळजी”, “शक्य तितक्या लवकर”, “संबंधितांशी संपर्क साधावा” हे सगळे शब्दप्रयोग मी आता अशा नजरेने वाचते की येथे कोणीतरी काहीतरी ठरवायचे राहून गेले आहे. कर्मणी प्रयोगाचेही तसेच आहे. “टाके दहाव्या दिवशी काढण्यात यावेत” हे वाक्य वाचून एका गृहस्थांनी विचारले, “कोणी काढायचे? इथे यायचे की जवळच्या डॉक्टरांकडे गेले तरी चालेल?” मलाही माहीत नव्हते. चौकशी केली तेव्हा ओपीडीतल्या लोकांना वाटत होते की टाके ड्रेसिंग रूममध्ये निघतात आणि ड्रेसिंग रूममधल्या सिस्टरना वाटत होते की आधी ओपीडीत केसपेपर काढावा लागतो. वाक्यातून कर्ता गायब होता, तसाच तो कामातूनही गायब होता.

सर्जन मंडळींची बैठक व्हायला तीन आठवडे गेले. त्यात जे ठरले ते असे लिहिले: “पहिले सहा आठवडे पाच किलोपेक्षा जास्त वजन उचलू नका. लहान मुलालाही उचलू नका. तुम्ही बसा आणि मुलाला मांडीवर येऊ द्या.” हा आकडा आमच्या सर्जननी आमच्या रुग्णांसाठी ठरवलेला आहे, कोणी तो स्वतःला लावून घेऊ नये, म्हणून हे सांगून ठेवते. शेवटचे वाक्य आजींमुळे आले. नुसती मनाई केली असती तर त्यांनी ती मोडली असती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

सगळेच बदल असे खोल नव्हते. “जखम कोरडी ठेवावी” वाचून एका तरुणाने दहा दिवस अंघोळच करायची नाही असा अर्थ घेतला होता. तिथे अंघोळ कधी आणि कशी करायची हे दोन वाक्यांत लिहिले आणि काम भागले.

विरोधही झाला. एका ज्येष्ठ डॉक्टरांना नवा मसुदा बालिश वाटला. “शिकलेल्या माणसाला हे वाचून अपमान वाटेल,” असे त्यांनी समासात लिहून पाठवले. या आक्षेपाला मी एके काळी बिचकत असे. आता विचारते की भूल उतरत असलेला, दुखत असलेला, शेजारी बिलाची रांग लागलेली आहे असा शिकलेला माणूस नेमका किती शिकलेला असतो? प्रशासनाची धास्ती वेगळी होती. सोपे लिहिले तर कायद्याच्या दृष्टीने आपण उघडे पडू, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना मी सिटीबँकेचे उदाहरण दिले. १९७५ साली या अमेरिकी बँकेने आपल्या कर्जाच्या वचनचिठ्ठीचा मसुदा सोप्या भाषेत नव्याने लिहून वापरात आणला, आणि पुढे तोच दाखला इतरांपुढे ठेवला जाऊ लागला. कर्जवसुलीचा कागद सोपा असू शकतो, तर जखमेची काळजी कशी घ्यावी हे सांगणारा कागद अवघड असण्याचे कारण काय, या प्रश्नावर बैठक संपली. त्यांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. जेवणाची वेळ झाली होती.

अर्जात एक रकाना ‘वाचनसुलभतेचा गुणांक’ असाही होता आणि तो मी रिकामा सोडला. इंग्रजीसाठी रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ साली मांडलेले सूत्र वाक्यातील शब्द आणि शब्दांतील उच्चारघटक मोजते. मराठीला ही फूटपट्टी लावता येत नाही. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच लिहितात, त्यामुळे ‘सांगितल्याप्रमाणे’ हा शब्द चांगलाच लांब भरतो, पण तो न कळणारा माणूस मला भेटलेला नाही. उलट ‘सदर’ हा तीनच अक्षरांचा शब्द घ्या: कोणते सदर, वर्तमानपत्रातले, घराचे की उपरोल्लिखित या अर्थाचे, हे ठरवण्यासाठी वाचकाला थांबावे लागते. सूत्राच्या दृष्टीने ‘सदर’ सोपा आणि ‘सांगितल्याप्रमाणे’ अवघड. रकान्याखाली मी हेच दोन शब्द उदाहरण म्हणून लिहिले आणि पुढे गेले.

सर्वांत लाजिरवाणा भाग शेवटी आला. प्रवेशिकेसोबत तीनशे शब्दांत आपल्या कामाचे निवेदन द्यायचे होते. पत्रकातून एकेक शब्द वेचून काढणाऱ्या मी हे निवेदन कसे सुरू केले असेल? “रुग्णकेंद्री संवादप्रक्रियेच्या सक्षमीकरणाच्या उद्देशाने विभागामार्फत सर्वसमावेशक पुनर्लेखनाचा उपक्रम हाती घेण्यात आला.” शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने ते मोठ्याने वाचले आणि विचारले, “म्हणजे तुम्ही काय केलेत?” मी म्हणाले, “पत्रक परत लिहिले.” तो म्हणाला, “मग तेच लिहा ना.” परीक्षक समोर आहेत असे वाटताच माझीही भाषा कोट-टाय घालून उभी राहिली होती. दुसऱ्या मसुद्याची सुरुवात आजींच्या प्रश्नाने केली आणि निवेदन दोनशे तीस शब्दांत संपले. उरलेले सत्तर शब्द भरून काढायचा मोह मोठ्या कष्टाने आवरला.

स्पर्धेत उतरण्याचा विचार करणाऱ्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगते. जुना मसुदा फेकू नका, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मधले मसुदेही जपून ठेवा. आमचे मधले चार मसुदे एकाच फाइलवर पुन्हा पुन्हा लिहिले गेल्याने नाहीसे झाले होते, आणि कोणता बदल कोणाच्या बोलण्यावरून झाला हे मला वहीतल्या टिपणांवरून जुळवत बसावे लागले. वाचकांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतलेले असले तर ते निवेदनात तुमच्यापेक्षा चांगले बोलतात.

निकाल तीन महिन्यांनी लागला. आमचे पत्रक अंतिम यादीत आले, पुरस्कार मिळाला नाही. वाईट वाटले, ते दोन दिवस टिकले. परीक्षकांचा दीड पानी अभिप्राय मात्र मी अजून ड्रॉवरमध्ये वर ठेवलेला आहे. त्यात वजनाच्या ओळीचे कौतुक होते आणि पत्रकाचे शीर्षक तेवढे जुनेच राहिल्याबद्दल सौम्य चिमटा होता. “शस्त्रक्रियोत्तर काळजीविषयक मार्गदर्शक सूचना” हे शीर्षक आठ वाचकांपैकी एकानेही वाचले नव्हते, म्हणून त्याबद्दल कोणी तक्रारही केली नव्हती. मीही ते वाचले नव्हते, असेच म्हणायला हवे.

अभिप्रायाच्या शेवटी एक प्रश्न होता. आमच्या पत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेले आहे, “ताप आला किंवा जखमेतून पू आला, तर कोणत्याही वेळी या क्रमांकावर फोन करा.” परीक्षकांनी विचारले होते, “रात्री हा फोन कोण उचलते?”

त्या रात्री सव्वादोनचा गजर लावून मी उठले आणि त्या क्रमांकावर फोन केला. घंटी वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी टेलिफोन ऑपरेटरकडून कळले की ती लाइन डे-केअरच्या काउंटरवर वाजते आणि ते काउंटर रात्री आठला बंद होते. क्रमांक जुन्या पत्रकातून मी जसाच्या तसा उतरवून घेतला होता. बाकी प्रत्येक शब्द तपासला, ते दहा आकडे तपासायचे मला सुचले नव्हते.

पत्रकाची पुढची छपाई थांबवली आहे आणि छापलेल्या प्रतींवरचा क्रमांक वॉर्डातल्या सिस्टर हाताने खोडून तिथे कॅज्युअल्टीचा क्रमांक लिहून देत आहेत. रात्रीचा फोन कायमचा कोणाकडे असावा, कॅज्युअल्टीकडे की सर्जरी वॉर्डातल्या रात्रपाळीच्या सिस्टरकडे, यावर परवा बैठक आहे. मसुद्यातली ती ओळ मी तोवर कोरी ठेवली आहे.